पिशवीचा काय गुन्हा?

तालुक्याच्या दवाखान्यात बायका येतात त्या कंबर दुखते म्हणून. गुडघे, गॅस, अशक्तपणा, झोप नाही, हेही असतं; पण कंबर हमखास. डॉक्टर पुरुष असेल तर गोष्ट कमरेवरच थांबते आणि गोळ्यांची पट्टी घेऊन बाई परतीची एसटी गाठते. डॉक्टरीण असेल, बाहेरची गर्दी थोडी ओसरली असेल, सोबतची सून औषधांच्या खिडकीशी गेलेली असेल, तर खालच्या आवाजात पुढचं वाक्य येतं : ‘‘मॅडम, खाली काहीतरी येतंय.’’

कधीपासून?

‘‘धाकट्याच्या टायमापासून.’’

धाकटा आता ट्रॅक्टर चालवतो.

मधल्या सगळ्या वर्षांत तिने हे एकटीने निभावलेलं असतं. सकाळी उठल्यावर बरं असतं. दुपारपर्यंत उभ्याने काम केलं की ओटीपोटात ओढ लागते, जड वाटायला लागतं आणि संध्याकाळी चुलीपुढे बसताना मांड्यांमध्ये गोळा हाताला लागतो. रात्री आडवं पडलं की तो आपोआप आत जातो, नाही गेला तर ढकलायचा. लांब कुठे जायचं असेल तर जुन्या लुगड्याची लंगोटी आवळून बांधायची. लघवी तटली तर बोटाने गोळा वर उचलून धरायचा, मग धार सुटते. शौचाला साफ होत नसेल तर योनीच्या मागच्या भिंतीवर अंगठा दाबून धरायचा. ही युक्ती तिला कोणी शिकवलेली नसते, तिची तिलाच सुचलेली असते. आपण काहीतरी घाणेरडं करतो अशी तिची खात्री असते, म्हणून ती बहिणीलाही सांगत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या प्रश्नावलीत मात्र हा प्रश्न छापील असतो : लघवी किंवा शौचासाठी बोटाचा आधार द्यावा लागतो का? इतक्या बायका ते करतात.

या आजाराला खेड्यात अंग बाहेर येणं, मायांग उतरणं, पिशवी खाली येणं असं म्हणतात. पिशवी म्हणजे गर्भाशय. पण उतरते ती दर वेळी पिशवीच असं नाही. योनीच्या पुढे मूत्राशय असतं, मागे गुदाशय असतं आणि वरच्या टोकाला गर्भाशय. पुढची भिंत सैल पडली तर मूत्राशय फुगवट्यासारखं खाली येतं. मागची सैल पडली तर गुदाशय पुढे ढकललं जातं. वरचा आधार सुटला तर गर्भाशय उतरतं. बहुतेकींच्या बाबतीत या तिन्हींचं कमी-अधिक मिश्रण असतं, आणि म्हणूनच कोणाची तक्रार लघवीची असते, कोणाची बद्धकोष्ठाची, कोणाची नुसतीच ‘काहीतरी आहे’ अशी.

हे सगळं एरवी जागेवर राहतं कसं, ते समजून घ्यायला जुन्या घरातलं शिंकं आठवावं. मडकं वरून दोऱ्यांनी टांगलेलं आहे आणि खालून कोणीतरी हाताचा आधार दिलेला आहे, अशी कल्पना करा. दोऱ्या म्हणजे गर्भाशयाच्या मुखापासून मागे त्रिकास्थीकडे (माकडहाडाच्या वरच्या हाडाकडे) आणि दोन्ही बाजूंना गेलेले बंध. हात म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी पसरलेला स्नायूंचा थर. तो रात्रंदिवस थोडासा आवळलेलाच असतो. हाताचा आधार भक्कम असेल तोवर दोऱ्यांवर फारसा ताण नसतो. हात सैल पडला की सगळा भार दोऱ्यांवर येतो. त्या काही वर्षं तग धरतात आणि मग लांबतात. मडकं खाली आलं तर त्यात मडक्याचा काय दोष? ते फोडून टाकलं तरी शिंकं सैल ते सैलच राहणार. आपल्याकडे या आजारावर जे काही केलं जातं त्यातला निम्मा घोटाळा एवढी एक गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे झालेला आहे.

हात सैल पडतो तो मुख्यतः बाळंतपणात. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 साली संगणकावर प्रसूतीचं प्रारूप तयार करून पाहिलं, तेव्हा बाळाचं डोकं बाहेर पडताना या स्नायूचा मधला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो असं दिसलं. शरीरातला दुसरा कुठलाही स्नायू एवढा ताणला तर फाटेल. गरोदरपणात तो मऊ झालेला असतो म्हणून बहुतेकदा निभावतो. काही वेळा मात्र हाडाजवळच्या मुळापासून सुटतो, आणि चिमटा लावून केलेल्या प्रसूतीत ही शक्यता वाढते. गर्भाशयाचं तोंड पुरतं उघडायच्या आधीच ‘दे जोर, दे जोर’ म्हणून बाईला कळा द्यायला लावल्या तर वरचे बंधही ओढले जातात. सुईणी हे करत. गर्दीच्या प्रसूतिगृहांतही हे होतं.

पण बाळंतपण झालं आणि अंग उतरलं असं लगेच होत नाही. मध्ये वीस-पंचवीस वर्षं जातात. पाळी थांबली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि आधीच ताणलेल्या ऊती आणखी पातळ होतात. त्यात पोटातला दाब वाढवणाऱ्या गोष्टींची भर पडते : जुनाट खोकला, कायमचं बद्धकोष्ठ, लठ्ठपणा, ओझी. काहींच्या ऊती जन्मतःच लेच्यापेच्या असतात. आईला हा त्रास असेल तर मुलीला होण्याची शक्यता जास्त असते. मूल न झालेल्या तरुण मुलीचंही अंग उतरू शकतं, आणि तिची परवड सगळ्यांत वाईट, कारण तिच्यावर तर कोणाचा विश्वासही बसत नाही.

सव्वा महिना बाळंतिणीने बाजेवरून उठायचं नाही, या आपल्या रिवाजात विटाळाचा भाग बराच होता आणि तो गेला ते बरंच झालं. त्याबरोबर विश्रांतीही गेली, ते नाही. अर्थात ती विश्रांती तरी कोणाला मिळत होती? ज्यांच्या घरी माहेर म्हणण्यासारखं काही होतं त्यांनाच. मजुरी करणारी बाई तेव्हाही लवकर उठत होती, आताही उठते.

एवढा सर्रास असणारा आजार दिसत का नाही? गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी याचं उत्तर शोधलं नव्हतं, प्रश्नच विचारला होता. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांची त्यांनी तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या बायकांची नाही, गावातल्या. तक्रार असलेल्या आणि नसलेल्या अशा सगळ्यांची. 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, सरासरी एकीला तीनाहून अधिक. याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला, तेव्हा गरीब देशांतल्या बायकांचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण एवढंच समजणाऱ्यांना तो जड गेला. अंग उतरणं हा त्या निबंधाचा मुख्य विषय नव्हता. पण बाईला झोपवून, तिची परवानगी घेऊन, नीट पाहिल्याशिवाय काहीही कळत नाही, हे त्यातून कळलं. अंग उतरण्याच्या बाबतीत तर झोपवून पाहणंही पुरत नाही. झोपल्यावर गोळा आत जातो आणि ‘काही नाही, सगळं ठीक आहे’ असा शेरा मिळतो. तिला खोकायला सांगावं लागतं, जोर करायला सांगावं लागतं, कधी उभं करून पाहावं लागतं.

श्रीमंत देशांत हा आजार नाही असंही नाही. अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा हिशेब असा होता की, ऐंशी वर्षांची होईपर्यंत दर नऊ बायकांतल्या एकीला अंग उतरणं किंवा लघवीवर ताबा नसणं यासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 29 टक्के बायकांची ती दुसरी किंवा पुढची खेप होती. हा दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शस्त्रक्रिया म्हणजे कायमचा निकाल, असं समजून बाई टेबलावर चढते. शिंकं एकदा सैल पडलेलं असतं हे तिला कोणी सांगत नाही.

मग करायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे घाबरायचं नाही. अंग उतरणं म्हणजे कर्करोग नव्हे, आणि त्याचा कर्करोग होतही नाही. तपासताना योनीच्या तोंडाशी असलेल्या पडद्याची रेषा धरून मोजमाप घेतात. गोळा त्या रेषेच्या वर असेल तर पुष्कळदा बाईला काही जाणवतच नाही, आणि जाणवत नसेल तर काही करायचीही गरज नसते. रेषेच्या खाली आला की तक्रारी सुरू होतात.

सुरुवातीच्या टप्प्यावरचा इलाज फुकट आहे, आणि तो कोणी लिहून देत नाही याचं कारणही कदाचित तेच असेल. लॉस एंजेलिसचे डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. चारचौघांत वात आवरताना जो स्नायू आपण आत आणि वर खेचतो, तोच खेचायचा, जमेल तितके सेकंद धरायचा, आणि मग पूर्ण सोडायचा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. ऐकायला सोपं आहे, पण नुसतं ऐकून करणाऱ्या बायका पोट आवळतात, मांड्या आवळतात, श्वास रोखतात, काही जणी तर खाली जोर देतात, म्हणजे नेमकं उलटं. म्हणून एकदा तरी डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने बोटाने तपासून योग्य स्नायू आवळला जातो आहे ना हे पाहावं लागतं. लघवीची धार मध्येच थांबवून पाहायचा सल्ला सर्रास दिला जातो; स्नायू ओळखण्यापुरतं एकदा ठीक, रोजचा व्यायाम म्हणून नको. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं, हंडा उचलायचा असला, की आधी आवळायचं आणि मग उचलायचं, ही सवय तर प्रत्येकीने लावून घ्यावी. ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वांनुसार सुरुवातीच्या टप्प्यावर किमान 16 आठवडे देखरेखीखाली असा व्यायाम हाच पहिला उपचार आहे. 2014 साली ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या 447 बायकांवरच्या अभ्यासात, शिकवून व्यायाम करून घेतलेल्या बायकांचा त्रास वर्षअखेर स्पष्टपणे कमी झालेला होता. पुरता बाहेर आलेला गोळा व्यायामाने आत जात नाही, हेही सांगून टाकायला हवं.

त्यापुढची पायरी रिंग. वैद्यकातल्या फार जुन्या गोष्टींपैकी ही एक. सुश्रुताने सांगितलेल्या वीस योनिव्यापदांमध्ये प्रस्रंसिनी म्हणून हा विकार आहे, आणि प्राचीन ग्रीक वैद्य आधार म्हणून अर्धं डाळिंब आत बसवत. आता सिलिकॉनची मऊ रिंग असते. ती बसवताना पाहिली आणि इतकी साधी गोष्ट लोकांना माहीत कशी नाही याचं नवल वाटलं. डॉक्टरीणबाईंनी आधी दोन बोटांनी आतलं माप घेतलं, वेगवेगळ्या आकाराच्या रिंगांमधून एक उचलली, जेली लावली, दाबून चपटी केली आणि आत सरकवली. आत ती पुन्हा गोल झाली. कड आणि योनीची भिंत यांच्यामधून बोट फिरतंय का ते पाहिलं. फिरलं नाही तर ती रुतते, सैल फिरलं तर निसटते. मग म्हणाल्या, ‘‘मावशी, खोका. अजून जोरात. आता बाहेर चक्कर मारा, लघवी करून या.’’ मावशी गेल्या ते पाय फाकवून, काचेची वस्तू नेत असल्यासारख्या जपत. आल्या त्या सरळ चालत. ‘‘लागतसुद्धा नाही,’’ एवढंच म्हणाल्या आणि मग विचारलं, की गावात कोणाला सांगायचं नाही ना?

रिंग काढून साबणाच्या पाण्याने धुऊन परत घालायला बाईला शिकवता येतं. तिला जमत नसेल तर तिने ठरावीक महिन्यांनी दवाखान्यात यायचं. पाळी गेलेल्या बाईला सोबत इस्ट्रोजेनचं मलम देतात, म्हणजे आतली त्वचा सोलवटत नाही. मोठा धोका एकच, विसरण्याचा. वर्षानुवर्षं आत राहून गेलेली रिंग भिंतीत रुतते, क्वचित मूत्राशयापर्यंत पोचते. म्हणून जिथे परत बोलावण्याची व्यवस्था नाही तिथे डॉक्टर रिंग द्यायला कचरतात. कारण खरं आहे; पण त्यावर उपाय वहीत तारीख लिहून ठेवणं हा आहे, गर्भाशय काढणं हा नाही.

शस्त्रक्रियांच्या इतिहासात आपल्या मुंबईने अभिमानाने मिरवावं असं काम झालं आहे. मँचेस्टरमध्ये आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी 1888 पासून एक पद्धत वापरायला सुरुवात केली : लांबलेलं गर्भाशयमुख छाटायचं, बंध पुढे आणून शिवायचे, गर्भाशय ठेवायचं. पुढे फॉदरगिल यांनी ती सुधारली. अडचण अशी, की मुख छाटलेल्या बाईला पुढे दिवस राहणं आणि ते टिकणं अवघड जाई. 1899 साली गोव्यातल्या शिरोड्यात जन्मलेले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी मुख न छाटता हेच करण्याची रीत काढली. गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयमुखाला घालायच्या ‘शिरोडकर टाक्या’मुळे त्यांचं नाव जगभर झालं, पण उतरलेल्या अंगावरचं त्यांचं काम त्याच तोडीचं आहे. पोटातून जाऊन गर्भाशयमुखाच्या मागच्या बाजूला पट्टी शिवायची आणि ती त्रिकास्थीच्या वरच्या कंगोऱ्याला बांधायची, म्हणजे सैल पडलेल्या दोऱ्यांच्या जागी नव्या दोऱ्या घालायच्या. डॉ. पुरंदऱ्यांनी ती पोटाच्या पुढच्या आवरणाला बांधली, डॉ. खन्नांनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकांना. जोशी, विरकुड अशी आणखीही नावं भारतीय पाठ्यपुस्तकांत या प्रकरणात ओळीने येतात. मूल हवं असलेल्या तरुण बाईचं गर्भाशय वाचावं म्हणून या सगळ्यांनी डोकं चालवलं.

आज पर्याय बरेच आहेत. योनिमार्गे गर्भाशय काढून वरच्या टोकाला भक्कम बंधांशी शिवणं, गर्भाशय ठेवून तेच करणं, पोटातून किंवा दुर्बिणीने जाळी वापरून त्रिकास्थीला टांगणं. वय झालेल्या, शरीरसंबंध नको असलेल्या आणि मोठी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या बाईसाठी योनिमार्गच शिवून बंद करतात. छोटी, टिकाऊ शस्त्रक्रिया आहे, फक्त आधी तिला, तिच्या मुलाला नव्हे, नीट विचारायला हवं. जाळीच्या बाबतीत एक खबरदारी. योनीतून बसवायच्या जाळ्या या शतकाच्या सुरुवातीला फार खपल्या आणि मग भिंतीतून बाहेर येणाऱ्या जाळ्या, रक्तस्राव, न थांबणाऱ्या वेदना यांच्या तक्रारींचा डोंगर झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल 2019 मध्ये अंग उतरण्यासाठीच्या अशा जाळ्यांची विक्री थांबवली. पोटातून बसवायच्या जाळीला तो आदेश लागू नाही.

आणि ज्या राज्यात शिरोडकरांनी गर्भाशय टांगायच्या पट्ट्या शोधल्या, त्याच राज्यातल्या बीड जिल्ह्यात 2019 साली विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेले आकडे असे : पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड कामगार बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. सगळ्याच अंग उतरलं म्हणून नाही. पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, पाळीत जास्त जाणं, आणि त्यावर ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ हा धाक. कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आगाऊ उचल घेतलेली असते, पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, तोडीच्या फडात आडोसा नाही, पाणी नाही. डोक्यावर मोळी घेऊन लाकडाच्या फळीवरून ट्रकवर चढायचं. बाईला स्वतःलाच पिशवी नकोशी होते यात नवल नाही. पण शस्त्रक्रियेनंतर ती पुन्हा त्याच फळीवरून मोळी नेते, आणि गर्भाशय काढल्यावर योनीचा वरचा घुमटच खाली उतरू शकतो, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. मडकं फोडलं, भार तोच राहिला.

नेपाळमध्ये हीच गोष्ट न्यायालयात गेली. डोंगराळ भागात बाळंतपणानंतर लगेच ओझी वाहणाऱ्या, तरुणपणीच अंग उतरलेल्या बायकांची संख्या एवढी होती, की 2008 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रजनन आरोग्याच्या हक्काचा भंग आहे असं म्हटलं आणि सरकारला पावलं उचलायला सांगितलं. त्यानंतर सरकारने शस्त्रक्रियांची शिबिरं घेतली. शिबिर घेणं सोपं असतं. बाळंतिणीच्या डोक्यावरचा भारा उतरवणं अवघड, आणि टीका झाली ती त्यावरच.

पिशवी काढायचा सल्ला मिळालेल्या बाईने, किंवा तिच्या सोबत गेलेल्या कोणी, डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. नेमकं काय उतरलं आहे, पुढची भिंत, मागची की गर्भाशय? रिंग लावून पाहता येईल का? पिशवी काढली तर वरचं टोक कशाला बांधणार? आणि घरी गेल्यावर वजन किती दिवस उचलायचं नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट देता येत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं.

घाई सहसा नसते. काही वेळा असते. लघवी पूर्ण अडली तर त्याच दिवशी जावं. पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसलं तर ते उतरलेल्या अंगाचंच आहे असं घरी ठरवू नये. बाहेर राहिलेल्या भागावर कपडा घासून जखम झाली असेल तर त्यावर हळद किंवा कसलं मलम चोपडून ती बरी होत नाही. दवाखान्यात अंग आत सारून ॲक्रिफ्लेविन-ग्लिसरीनचा बोळा काही दिवस ठेवतात, सूज उतरून रक्तपुरवठा सुधारतो आणि जखम भरते, मग पुढचं ठरवता येतं. आणि अंग पुरतं बाहेर असेल तर मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यावी, कारण खाली ओढल्या गेलेल्या मूत्रवाहिन्यांना मुरड पडून मूत्रपिंडं फुगतात, आणि ते बराच काळ दुखत नाही.